रुमाल मोजायची नोकरी

३ फेब्रुवारी, सोमवार

नोकरी लागली. पदवीच्या शेवटच्या वर्षी मी ‘कला आणि समाजपरिवर्तन’ या विषयावर चाळीस पानांचा निबंध लिहिला होता. मुलाखतीत त्यावर प्रश्न येतील म्हणून रात्रभर पाठ केला. साहेबांनी एकच विचारलं, “सिनेमा बघून रडू येतं का?”

मी खरं ते सांगितलं. येतं.

“मग पडद्याकडे पाठ करून बसायची सवय करा.”

काम असं: प्रदर्शित होण्याआधी एखादा चित्रपट चौसष्ट अनोळखी माणसांना बोलावून दाखवायचा. मी पडद्याखाली स्टुलावर, लोकांकडे तोंड करून बसायचं. शेवटच्या दहा मिनिटांत ज्याचा रुमाल डोळ्याला लागेल त्याच्यासाठी हातातल्या यंत्राचं बटण एकदा दाबायचं. रुमाल नाकाला लागला तर अर्धा धरायचा. यंत्राला अर्धं कळत नाही, म्हणून दोन नाकं झाली की एकदा दाबायचं. आधीची मुलगी पडद्याकडे बघायची, स्वतःच रडायची आणि आकडा चुकायची.

पंधरा दिवसांनी त्याच लोकांना फोन करून विचारायचं की शेवट आठवतो का.

तीन महिन्यांच्या उमेदवारीतला हा शेवटचा महिना, असं नेमणुकीतच लिहिलंय; आधीच्या मुलीचे दोन महिने माझ्या खात्यात धरले आहेत. (हे कायदेशीर आहे का, ते विचारायचं राहिलं.) साहेबांना ऑफिसात सगळे ‘टक्के’ म्हणतात, कारण ते प्रत्येक गोष्ट टक्क्यांत सांगतात. मी असं म्हणणार नाही. माणसाचा आदर केला पाहिजे.

घरी सांगितलं. आई दातांच्या दवाखान्यात हत्यारं उकळायला आहे. ती म्हणाली, “मी रोज तीस माणसं रडताना बघते. आधी सांगितलं असतंस तर घरबसल्या आकडे दिले असते.”

बाबा म्हणाले, “पाठ करून बसणार? मान धरेल. उशी घेऊन जा.”

घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि पहिल्या दिवशी कामाला उशी घेऊन जाणार आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज पहिला प्रयोग. चित्रपट बाप आणि लेकीचा आहे. लेक नोकरीसाठी लांब निघते. त्याचे दोन शेवट तयार आहेत. पहिल्यात बाप बसमागे धावतो, छातीत कळ येते आणि लेकीच्या मांडीवर प्राण सोडतो. हा शेवट निर्मात्यांना आवडतो. त्यांचा प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना आहे. दुसरा शेवट दिग्दर्शिकेला आवडतो. ती पस्तिशीची आहे, पेनांची टोपणं चावते, आणि आपला शेवट कुणाला समजावून सांगत नाही.

आज पहिला शेवट दाखवला. मी फक्त ऐकला. आधी धापा, मग “बाबाऽऽ”, मग चाळीसेक व्हायोलिनं. बटण दाबून अंगठा दुखला. एकूण एक्केचाळीस. एक गृहस्थ बायकोच्या पदराला नाक पुसत होते, ते कोणाच्या नावावर धरायचं यावर चर्चा झाली.

निर्माते माझ्या हातातलं यंत्र घेऊन तो आकडा बराच वेळ बघत होते. “दिग्दर्शकबाई, हे बघा. एक्केचाळीस! बादल्या पाठवू का?”

दिग्दर्शिका म्हणाली, “झाकणं पण पाठवा.”

मला निर्मात्यांची बाजू मनातून पटत नाही. मृत्यू हा शेवटाचा सर्वांत सोपा मार्ग आहे, असं मी निबंधाच्या एकोणिसाव्या पानावर लिहिलंय. पण लोक खरंच रडले. तेही नाकारून चालणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज माझ्याकडून एक चूक झाली. म्हणजे मी ती केली नाही, पण होऊ दिली.

दुसऱ्या शेवटाचा प्रयोग. नियम चौथा: चौसष्ट खुर्च्या भरलेल्याच हव्यात, नाहीतर टक्केवारी धरत नाहीत. त्रेसष्ट आले. साहेब घामाघूम होऊन जिन्यात आले, तर त्यांना इमारतीची बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करून हत्यारं गुंडाळणारा एक माणूस दिसला.

“अहो लिफ्टवाले, सिनेमा बघणार का? चहा-बिस्किटं आहेत.”

ते बाबा होते.

बाबा लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक आहेत. माझं ऑफिस इथंच आहे हे त्यांना माहीत असणारच. रविवारची ही दुरुस्ती त्यांनी मागून घेतली असेल का? नसेल. ते तसल्या भानगडीत पडत नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नियम सहावा: कर्मचाऱ्याचा नातेवाईक प्रेक्षक म्हणून चालत नाही, त्याच्या उत्तरांचा कागद फाडायचा आणि कर्मचाऱ्याला घरी पाठवायचं. मी मान खाली घातली. बाबा साहेबांना म्हणाले, “हात धुऊन येतो,” आणि अडतीस नंबरच्या खुर्चीत जाऊन बसले. एखाद्या परक्याच्या घरी बसल्यासारखे, अगदी कडेला.

शेवटच्या दहा मिनिटांत मला काहीच ऐकू आलं नाही. पावलं वाजली, मग दिव्याचं बटण दाबल्याचा आवाज, बस्स. दोघांचेच रुमाल डोळ्याला लागले. एका बाईंनी चष्मा पुसला, एक शिंकला. एकूण आकडा तीन, आणि त्यातला एक मी दयेपोटी दाबला. (हे लिहून ठेवते. उद्या साहेबांना सांगून दोन करीन.)

अडतीस नंबरनंही रुमाल काढला होता. पण त्यानं हातच पुसले. हात मघाशी धुतले होते, तरी बराच वेळ पुसत होता. ग्रीस सहज निघत नाही. हाताला रुमाल धरायचा नियम नाही, म्हणून मोजला नाही.

प्रोजेक्टरवाले काका रिळांच्या जमान्यापासून ह्या धंद्यात आहेत. जाताना ते म्हणाले, “तू डोळे बघत बसलीस. पाय बघितलेस का?”

“पाय?”

“अंधारात माणूस चपला काढून बसतो. शेवट आला की पाय चपला शोधायला लागतात. काल तो बाप मरत होता ना, तेव्हा डोळे गळत होते आणि खाली निम्मे पाय चपला शोधत होते. रडणं उरकून घरी जायचं होतं लोकांना. आज दिवे लागले तरी एक पाय हलला नाही.”

“पण काका, हे शास्त्रीय नाही.”

“शास्त्र तुझं तुझ्याकडे ठेव. झाडू मी मारतो.”

१० फेब्रुवारी, सोमवार

तीनचे दोन केले. साहेब म्हणाले, “तुम्ही फार प्रामाणिक आहात.” कौतुकाच्या सुरात नाही म्हणाले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्या शेवटाच्या प्रेक्षकांना फोन केले. मी हादरले आहे.

“शेवट आठवतो का?”

“हो तर. आई मरते ना? फार वाईट वाटलं.”

चित्रपटात आई नाहीच.

दुसरे म्हणाले, बाप मरतो असं वाटतं, पण मग उठतो. तिसऱ्या बाई म्हणाल्या, “बिस्किटं मऊ पडली होती, ते लिहा.” चौसष्टांतल्या फक्त अकरा जणांना शेवट धड आठवला. ज्या गृहस्थांनी पदराला नाक पुसलं होतं त्यांना पदराचा रंगही आठवेना, आणि बायको मागून ओरडत होती, “तो निळा होता, आणि तूच धुणार होतास!”

टक्के म्हणाले (आता मीही म्हणायला लागले, हे बरं नाही), “फोनचे आकडे सहसा मांडत नाहीत. निर्मात्याला रुमाल पुरतात.”

“मग फोन करायचेच कशाला?”

“करारात आहे. शंभर टक्के करायचे, शून्य टक्के दाखवायचे.”

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज दुसऱ्या शेवटाचे फोन. चौसष्टांतल्या एकावन्न जणांना शेवट आठवतो! आणि गंमत म्हणजे मला तो आजच कळला. सिनेमाभर बाप लेकीवर ओरडत असतो की न्हाणीघरातला दिवा बंद करायला विसरतेस. ती जाते. तो घरी येतो. न्हाणीघरात अंधार. तो जाऊन दिवा लावतो, दार ओढून घेतो आणि झोपतो. एवढंच. एक आजी म्हणाल्या, “तेव्हापासून आमच्याकडे पण जळतोय दिवा. सूनबाई कटकट करते.” एक तरुण म्हणाला, “बकवास होता सिनेमा. रोज आठवतो.”

मग अडतीस नंबर आला. टक्के समोरच्याच टेबलावर होते. नियमाप्रमाणे छापील वाक्यं म्हणायची असतात.

“नमस्कार. आपण नऊ तारखेला आमच्याकडे चित्रपट पाहिलात. दोन मिनिटं आहेत का आपल्याला?”

पलीकडे यंत्राची घरघर चालू होती. ती बंद झाली.

“बोला मॅडम.”

“चित्रपटाचा शेवट आठवतो का?”

“आठवतो.”

“काय आठवतं, ते आपल्या शब्दांत सांगा.”

उत्तर आलं नाही तर पाच सेकंदांनी ‘सावकाश सांगा’ म्हणायचं असतं. म्हटलं.

“मुलगी लांब निघालेली असते. शिकायला. बाप तिची बॅग खाली नेतो. जिन्यानं. पाच मजले.”

“इमारतीला लिफ्ट नसते का?” हा प्रश्न छापील नव्हता. तोंडातून गेला.

“असते. चालू असते.”

“मग?”

“लिफ्टला बेचाळीस सेकंद लागतात मॅडम. तेवढ्यात काय बोलून होतं? त्याला वाटलेलं, तीही जिन्यानं येईल. गप्पा मारत उतरू. पण ती लिफ्टनं पुढे गेली. घाई असते त्या वयात.”

“आणखी काही आठवतं?”

“नाही. तुम्ही बोलता छान. शिकलेल्या दिसता.”

“धन्यवाद. आपला वेळ दिल्याबद्दल आभारी आहे,” असं मी छापील म्हटलं आणि ठेवला.

बाबांनी सगळं चुकीचं सांगितलं. चित्रपटातलं घर बैठं आहे. लिफ्ट, जिना, काही नाही. बहुतेक त्यांना डुलकी लागली असेल. दिवसभर लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना दाराबाहेरून धीर देत बसतात, दमतात. कागदावर ते बोलले तसं उतरवलं आणि शेरा मारला: ‘चुकीची आठवण’.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, “आज किती फोन झाले?” मी म्हटलं, “चौसष्ट.” “बाप रे. घसा शेक.” विषय संपला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बैठक झाली. टक्क्यांनी रुमाल मांडले: एक्केचाळीस विरुद्ध दोन. निर्माते दिग्दर्शिकेकडे बघून हसले. मी उभी राहिले आणि म्हटलं, “सर, फोनचे आकडे उलटे आहेत. अकरा विरुद्ध एकावन्न.” टक्क्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला आणि सगळे कागद निर्मात्यांपुढे ठेवले. लोक ज्या शेवटाला रडले तो विसरले, आणि ज्याला गप्प बसले तो घरी घेऊन गेले. हे सांगताना माझा आवाज थोडा चढला. निबंधातली दोन वाक्यंही निसटली.

निर्माते कागद चाळत होते. अडतीसवर थांबले. दोनदा वाचला.

“हे काय आहे? लिफ्ट?”

“चुकीची आठवण, साहेब,” टक्के म्हणाले. “गाळतो.”

“खबरदार गाळलंत तर! काय सीन आहे! लिफ्ट चालू असताना जिन्यानं बॅग नेतो.” ते उठून येरझाऱ्या घालायला लागले. “पाच मजले. जड बॅग. वय झालेलं. आणि खाली पोचला की...” त्यांनी छातीवर हात मारला. “आता पटतो अ‍ॅटॅक! मी पहिल्यापासून म्हणत होतो, बसमागे धावून कोण मरतं? जिन्यानं मरतो माणूस!”

दिग्दर्शिकेच्या तोंडातलं टोपण तुटलं.

पुढच्या आठवड्यात जिन्याचं चित्रीकरण ठरलं. निर्माते माझ्याशी हात मिळवून म्हणाले, “ह्या मुलीला सोडू नका.” टक्क्यांनी बाहेर आल्यावर सांगितलं, सोमवारी कायम केल्याचं पत्र देतो.

कायम! आनंद व्हायला हवा. झालाही. फक्त घरी अजून सांगितलं नाही.

१ मार्च, शनिवार

बाबा कामावर गेल्यावर आईला सगळी हकिगत रंगवून सांगितली, अडतीस नंबर कोण ते सोडून. निर्मात्यांची नक्कलही केली. आई भाजी निवडत होती. हसली नाही.

“लिफ्ट असून जिन्यानं,” ती म्हणाली. “अगं, हा वेडेपणा आपल्याच घरात झालाय.”

“कधी?”

“तू वसतिगृहात गेलीस तेव्हा. तू तुझी ती लाल पर्स खांद्याला लावून लिफ्टनं सुळकन खाली. हे बॅग घेऊन जिन्यानं. मी म्हटलं, अहो, स्वतःच सांभाळता ती लिफ्ट, विश्वास नाही का तिच्यावर? तर म्हणाले, तू गप बस.”

मला तो दिवस आठवतो. म्हणजे मला वाटत होतं की आठवतो. मी खाली दहा मिनिटं उभी होते. बस चुकेल म्हणून वैतागले होते. बाबा घामेजून आले तेव्हा मी म्हटलं होतं, “काय हो बाबा, लिफ्ट आहे ना!”

‘चुकीची आठवण’ हा शेरा माझ्या अक्षरात आहे. खाली माझी सही आहे.

आणि आता त्या जिन्याच्या तळाशी ते बाबांना मारणार आहेत. चाळीस व्हायोलिनं लावून.

२ मार्च, रविवार

दिवसभर विचार केला. गप्प बसले तर नोकरी कायम. आईबाबांना पहिल्यांदा कुणाला तरी सांगता येईल की मुलगी कुठे ‘लागली’. तसंही सिनेमात नाव नाही, गाव नाही, कुणाला कळणार आहे?

बाबांना कळेल. तिकीट काढून बघायला जातील आणि काही बोलणार नाहीत.

३ मार्च, सोमवार

पत्र टेबलावर होतं. टक्के, निर्माते, दिग्दर्शिका तिघेही होते. निर्माते जिन्यांचे फोटो घेऊन आले होते, सतरा इमारतींचे.

मी म्हटलं, “अडतीस नंबर माझे वडील आहेत.”

कुणाला काही समजेना. मी नियम सहावा वाचून दाखवला. नातेवाइकाचा कागद बाद, तो फाडायचा, कुठंही वापरायचा नाही.

“अहो, त्या लिफ्टवाल्याला मी बसवलं होतं!” टक्के म्हणाले.

“हो. आणि मी गप्प बसले. माझी चूक.”

“आता बोलायची काय गरज होती? शंभर टक्के कुणाला कळलं नसतं!”

“सर, तुम्ही त्यांना मारताय.”

टक्क्यांनी कागद घेतला आणि फाडला. मग पत्र घेतलं. ते फाडताना जरा रेंगाळले, पण फाडलं.

निर्माते म्हणाले, “कागद फाडलात. माझ्या डोक्यातून कसा काढू? तीन दिवस मला तो माणूस दिसतोय. काल घरी जिन्यानं चढलो, बायको म्हणाली ताप आहे का.” मग माझ्याकडे वळले. “मारायचं नाही म्हणतेस ना? ठीक. पण न मारला तर पंचाईत आहे. मेला की सुटला. हा बॅग खाली ठेवून, टाटा करून, परत वर कसा गेला?”

मी टेबलावरचे कागदाचे तुकडे उचलायला लागले.

“बघा, इथं सीन आहे,” ते दिग्दर्शिकेला म्हणाले. “परत जाताना.”

“तो मी घेणार नाही,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या घरातला जिना आहे. माझ्याकडे माझा दिवा आहे.”

निर्माते बराच वेळ फोटो गोळा करत होते. “ठेवा मग दिवाच,” ते शेवटी म्हणाले. “नाहीतरी आता तो बसमागे धावायला लागला की मला हसू येणार.”

मी माझी उशी घेतली. प्रोजेक्टरवाले काका दारात म्हणाले, “नोकरी गेली?”

“गेली.”

“आता तोंड फिरवून सिनेमा बघ एकदा. बरा आहे.”

घरी आले. आईला सांगितलं. ती म्हणाली, “दवाखान्यात एक जागा आहे, पण तिथे लोक खरोखरच रडतात हो.” मग आत जाऊन उगाच भांडी वाजवत बसली.

बाबा सातला आले. मोरीत ब्रशनं नखं घासत होते. मी दाराशी उभी राहिले.

“बाबा, नोकरी गेली.”

“हं. ऐकलं आत्ता. मान तरी सुटली.”

“एक विचारायचं होतं. छापील नाही.”

“विचार.”

“त्या दिवशी मला बसमध्ये बसवून तुम्ही परत वर कसे आलात? जिन्यानं?”

ते नखं घासत राहिले.

“लिफ्टनं.”

“मग काय. बेचाळीस सेकंद.”

“नाही. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये बंद पडली.”

“बिघडली?”

“बंद करायची किल्ली होती माझ्याकडे.”

“किती वेळ?”

“पाऊण तास असेल. वर-खाली सगळे बोंबलत होते. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी कंपनीत फोन केला, मेकॅनिक पाठवा म्हणून. कंपनीनं मला लावला.”

“मग?”

बाबांनी हात धुतले, नळ बंद केला.

“म्हटलं, मेकॅनिक आतच आहे. जरा वेळ लागेल.”